माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं लपवून ठेवलं. लहानपणी यायचा, लग्न झाल्यावर यायचा आणि आता पन्नाशी उंबऱ्यावर आली तरी येतो. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एकात मी तपासणीला बसते. शिवून आलेल्या शर्टाची कॉलर बघायची, काजं बघायची, खिसा वाकडा असेल तर माघारी पाठवायचा. तिथं माझ्या रागाला मान आहे. घरात त्याच रागाला तोंडाळपणा म्हणतात.

गोष्ट मे महिन्यातल्या एका रविवारची. शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे आमचा हंगाम, सुटीचा तेवढा एकच वार हातात. घरी कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते आणि नेमका सोऱ्या मोडला. भिजलेला गहू कुणासाठी थांबत नाही, तिसऱ्या दिवशी चीक काढायचा म्हणजे काढायचा. म्हणून दुपारच्या उन्हात मी मधल्या मारुतीच्या बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानदाराला चार वेळा माळ्यावर चढायला लावलं, एक पितळी, चांगला जड सोऱ्या पसंत केला, रीतसर घासाघीस केली आणि तो कापडी पिशवीत टाकून बाहेर आले.

बाहेर रस्त्याकडेला एक बांगडीवाली बसते. तिच्या मोठ्या छत्रीखाली जराशी सावली होती, तिथं टेकले. घामानं अंबाडा सुटत आला होता. पिशवी कोपराला अडकवली, चाप काढून दातात धरला आणि केस सोडून परत गुंडाळायला दोन्ही हात वर नेले. अशा वेळी बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्या पोरांनी हे बरोबर हेरलं असणार.

"ओ मावशी!" अशी हाक आली. मी वळले, आणि वळले तोच पसाभर पिवळी पूड माझ्या तोंडावर बसली. डोळ्यात, नाकात, चापामुळं उघड्या राहिलेल्या तोंडात. कुणीतरी गळ्यात लिंबांची माळ अडकवली, कानाशी येऊन "आई राजा उदो उदो!" असं बेंबीच्या देठापासून ओरडलं, आणि पाठोपाठ हशा फुटला. भंडारा म्हणजे हळद हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ही नुसती हळद नव्हती. त्यात कसला तरी रंग कालवला होता. उजवा डोळा असा पेटला की मला वाटलं, गेला.

डाव्या डोळ्याच्या फटीतून तिघं दिसले. बावीस-तेवीस वर्षांचे, चांगल्या घरचे, दाढ्या कोरलेले. एकाच्या हातात ताटली, एकाचे हात मोकळे, तिसरा दोन हात लांब उभा राहून मोबाइल धरलेला. त्यांचा बेत मला नंतर कळला. अनोळखी बाईला भर बाजारात देवी बनवायचं, तिचं भेदरलेलं तोंड मोबाइलवर टिपायचं आणि चार लोकांना हसायला सोडून द्यायचं. माझ्या आधी दोघींचं असं केलं होतं म्हणे. त्या बिचाऱ्या पदरानं तोंड पुसत निघून गेल्या होत्या.

मी निघून गेले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ताटलीवाल्याची कॉलर हाताला लागली, ती धरली. कॉलर धरण्यात माझा हात वीस वर्षांचा बसलेला आहे, सुटत नाही. दुसऱ्या हातानं पिशवी फिरवली. पिशवीत सोऱ्या आहे हे मला त्या घडीला आठवलंच नव्हतं. त्याला मात्र खांद्यावर चांगलंच कळलं.

"मुडद्यांनो! घरात आयाबहिणी न्हाईत का तुमच्या? माज आलाय व्हय रं? थांब, कुटं पळतोस!" मी ओरडत होते. केस मोकळे, तोंड पिवळंजर्द, गळ्यात लिंबं, डोळ्यातून पाणी. आवाज तर माझा असा की कारखान्यात वीस मशिनी चालू असताना शेवटच्या बाईला ऐकू जातो.

रविवारचा बाजार, गर्दी जमायला काय उशीर. मला वाटलं, बरं झालं, आता चार माणसं या पोरांना धरतील. आणि गर्दीतून एका म्हातारीचा आवाज आला, "आलं गं बया, आलं! बाईच्या अंगात आलं!"

झालं. माणसं दोन पावलं मागं सरली. ज्यांच्या पायात चपला होत्या त्यांनी त्या काढल्या. एकीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. दुकानातून कुणीतरी कापूर आणला. मी म्हणत होते, "अहो, डोळ्यात गेलंय, पाणी द्या, पाणी!" आणि माणसं एकमेकांना सांगत होती, "आई पाणी मागतीया, पाणी आणा." पाणी आलं. चांगली कळशीभर आलं. आणि ते त्यांनी माझ्या पायांवर ओतलं.

मी म्हटलं, "पायावर काय ओतताय, डोळं जळत्यात माझं!" तर एकजण म्हणाला, "डोळ्यात अंगार हाय आईच्या." मी म्हटलं, "पोलिसांना बोलवा." तर तीच म्हातारी हात जोडून म्हणाली, "आई, लेकरांचं चुकलं आसंल तर पदरात घे, पोलीस कशाला?" आमच्या शेजारच्या गल्लीतली एक बाई पुढं आली. तिला मी चांगली ओळखते, तीही मला ओळखते, सकाळी नळावर आमचं भांडण झालेलं. तिनं मला विचारलं, "आई, माझ्या लेकीचं औंदा जमंल का?" मी म्हटलं, "मला काय म्हाईत! सकाळी बादली कुणाची आधी म्हणून भांडलीस ना माझ्याशी?" तर ती रडायलाच लागली. "बगा, आईला समदं कळतं," म्हणाली.

हसावं की रडावं, अशी गत. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझा जीव नुसता तळमळत होता. मी जेवढी ओरडत होते तेवढे लोक जास्त हात जोडत होते. काय बोलल्यावर ही माणसं मला माणूस समजतील तेच सुचेना.

पोरांना तर पडत्या फळाची आज्ञाच मिळाली. ज्याची कॉलर धरली होती त्यानं पटकन हात जोडले, मान खाली घातली आणि "आई, चुकलं, आई, चुकलं" सुरू केलं. लोक म्हणाले, सोड आई, लेकरू शरण आलंय. चार हातांनी माझी बोटं हळूच, अगदी भक्तिभावानं उलगडली. पोरगं निसटलं. मोबाइलवाला शेवटपर्यंत चित्र घेत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे हटो जी! आँख जलरी उनकी, दिखता नै क्या तुमना? मूँ पे पानी देव, पाँव पे नक्को!" ती बांगडीवाली. बांगड्यांवर चादर टाकून उठली होती, हातात स्वतःची पाण्याची बाटली. तिनं मला खांद्याला धरून छत्रीखाली बसवलं, मान मागं करून डोळे धुतले, बाटली संपल्यावर दुसरी आणली. मग पदराचा कोपरा ओला करून माझं तोंड पुसलं. एवढ्या बाजारात त्या एका बाईला मी बाई दिसले. मी निघताना ती हळूच म्हणाली, "वो थालीवाला, मोबाइल के कवर बेचता ना पिछली गली में, उसका छोकरा है." पत्ता मिळाला.

डोळ्याच्या डॉक्टरांनी डोळा पुन्हा धुतला, पट्टी बांधली आणि आठ दिवस बारीक काम बंद सांगितलं. ऐन हंगामात आठ दिवस! गव्हाचा चीक शेजारणीला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कवर विकणाऱ्याच्या पोराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून मी चौकीत गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, मग म्हणाला, "ताई, भंडारा म्हणजे प्रसाद. त्याचा गुन्हा कसा लिहू? उद्या लोक म्हणतील, देवाच्या भंडाऱ्यावर केस केली." मी म्हटलं, "प्रसाद हातावर देत्यात. डोळ्यात मारत न्हाईत." त्यानं आपला मोबाइल काढून माझ्यासमोर धरला.

पोरांनी चित्र सोडून दिलं होतं. फक्त गर्दीचा रागरंग बघून हुशारी केली होती. हसण्याचा आवाज काढून टाकला, भंडारा मारतानाचा भाग कापला, मागं संबळ लावलं आणि वर लिहिलं, 'सोलापुरात भर बाजारात देवी प्रकटली.' त्यात मी होते. मोकळे केस, पिवळं तोंड, किंचाळणारी. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकलेली, हजारांनी.

"आता तुम्हीच बघा," हवालदार म्हणाला. "यात तर तुमच्या अंगात आलेलं दिसतंय. म्हणजे तुम्हाला भान नव्हतं. भान नसलेल्या माणसाची फिर्याद कशी घ्यायची? आणि घेतली, तर तुम्ही त्या पोराच्या खांद्यावर काय हाणलं तेही निघणार. देवीनं मारलं तर कुणी बोलत नाही. तुम्ही मारलं म्हणालात, तर तोही फिर्याद देईल. विचार करा."

विचार काय करायचा? चोर सोडून संन्याशाला फाशी. मला काय हवं होतं, तर एका कागदावर दोन ओळी. या बाईच्या डोळ्यात तीन पोरांनी रंग मारला. आणि या बाईला राग आला. देवीला नाही, या बाईला. एवढ्या दोन ओळींसाठी मी एका डोळ्यानं रस्ता बघत तिथवर गेले होते आणि रिकाम्या हातानं परत आले.

घरी आले तर दारात चपलांचा ढीग. गल्लीतल्या बायका ओटी भरायला आल्या होत्या. नारळ, खण, तांदूळ. माझ्या नवऱ्यानं सगळ्यांना चहा केला होता. तो रेल्वेत आहे, होटगीला ड्यूटी. एरवी ड्यूटीवरून आल्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः घेत नाही. आणि त्या दिवशी चहा!

बायका गेल्यावर मी म्हटलं, "तुमी तरी सांगायचं की त्यांना, कायतरी येगळंच झालंय म्हणून."

"अगं, राहू दे की," तो म्हणाला. "लोक पाया पडत्यात, वाईट काय हाय? पोरांनी तोंडाला रंग फासला म्हणून सांगत फिरायचं, का देवी आली म्हणून मान घ्यायचा? उगं हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मान माझा न्हाय तो."

"तुला तर कायबी पटत न्हाय," म्हणाला आणि टीव्ही लावला.

आमच्या घरात हे प्रकरण आणखी एका कारणानं अवघड होतं. माझ्या सासूच्या अंगात येतं. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आत्या दर अवसेला नाहून, केस सोडून देव्हाऱ्यापुढं बसतात, घुमतात, आणि गल्लीतली माणसं नारळ घेऊन प्रश्न विचारायला येतात. पन्नास वर्षांचा हा शिरस्ता. बाकीचे एकोणतीस दिवस आत्या म्हणजे कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली, कुणाला आडवं न बोलणारी म्हातारी. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलणार नाही, गपगुमान पाणी पिणार. अवसेला मात्र माझा सासरासुद्धा, हयात असताना, त्यांच्यापुढं थरथर कापायचा.

तर आत्या गप्प होत्या. बाजारातून मी पट्टी बांधून आले तेव्हा त्यांनी फक्त "लई दुकतंय का?" विचारलं. बायका माझी ओटी भरून गेल्या तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मी मनात म्हटलं, म्हातारीला झोंबलंय. एका घरात दोन देव्या कशा मावणार? मला त्याही गोष्टीचा राग आला. माझ्यामागं कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो मोबाइलच्या कवरवाला, पोराचा बाप, घरी आला. सोबत साडी, नारळ, पेढ्यांचा पुडा. माझ्या पायाशी सगळं मांडून हात जोडले. "आई, पोरगं नादान हाय. तुमचा कोप आमच्या घरावर नको."

मी म्हटलं, "दादा, आई म्हणू नका. मी तुमच्यापेक्षा लहान आसंन. तुमच्या पोरानं माझ्या डोळ्यात रंग मारला. त्यानं यावं, जिथं मारला तिथं उभं राहावं आणि सांगावं की हे मी केलं, ही बाई साधी बाई हाय, आन् हिला राग आला. साडी परत न्या."

"तेवडं सोडून बोला, आई. धंदा हाय आमचा त्या गल्लीत. आणि पोरानं न्हाय, देवीनंच..."

"दादा, साडी परत न्या."

तो साडी घेऊन उठला. नवरा दारापर्यंत त्याची समजूत काढत गेला आणि परत येऊन माझ्यावर भडकला. देवीचा मान परत करतात का, घराला पाप लागंल, माणसानं किती ताणावं. मीही सोडलं नाही. आमचं चांगलंच जुंपलं. शेवटी मी म्हटलं, "उद्या मी परत चौकीत जाणार. आन् परवा परत. ते लिवत न्हाईत तवर रोज जाणार."

कोपऱ्यातून आत्या म्हणाल्या, "मी बी येते."

आत्या शेवटच्या घराबाहेर कधी पडल्या होत्या हेच आम्हाला आठवेना.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आम्हाला रिक्षानं नेलं. म्हातारीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून आला. माझ्यासाठी नाही. आम्हाला बघून हवालदारानं त्या बाप-लेकालाही बोलावून घेतलं. मिटवामिटवी करून एकदाची ब्याद घालवावी, असा त्याचा विचार असणार. आमच्या गल्लीतली दोन माणसंही काय होतंय ते बघायला आली होती. पोरगं खुर्चीवर मान खाली घालून बसलं होतं, पण गालातल्या गालात हसत होतं. मला दिसलं. एका डोळ्यानं बघत असले म्हणून काय झालं.

हवालदारानं माझं परत ऐकलं आणि परत तेच सुरू केलं. भंडारा, प्रसाद, भान. तेव्हा आत्यांनी हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा.

"साहेब, हिच्या अंगात आलं न्हवतं."

हवालदार हसून म्हणाला, "आजी, तुम्ही तिथं होता का?"

"न्हवते. पर मला कळतंय. गल्लीत इचारा. पन्नास वर्सं अवसेला माझ्या अंगात येतंय."

गल्लीतल्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. "व्हय साहेब. आमच्या गल्लीचं दैवत हाय ते. त्यांचा शब्द खाली पडत न्हाय."

"मग आजी," हवालदार जरा सावरून बसला, "तुम्ही म्हणताय नव्हतं आलं, पण चित्रात तर सगळं तसंच दिसतंय. केस, ओरडणं, घुमणं. तुमच्या अंगात येतं तेव्हा असंच दिसत असेल ना? मग फरक कसा ओळखायचा?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पोराकडंही बघितलं नाही. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, "फरक न्हाईच की. माझ्या बी कवा आलं न्हवतं."

माझा नवरा "आये!" असं म्हणाला.

"खरं तेच सांगते," आत्या म्हणाल्या. "मेंढरं हुती आमची. हा माझा ल्योक पोटात हुता तवा बी मी रानात. हा झाला, आन् आठव्या दिशी सासरा म्हणला, जा मेंढरामागं. अंगात ताप हुता. मी न्हाय म्हणले तर कोण ऐकना. नवरा ऐकना, सासू ऐकना. अवस हुती. मला राग आला. असा राग आला साहेब, मी समोरचं ताट भिरकावलं आन् वरडले. केस सुटलेलं, बाळंतीण बाई. तर सासूच म्हणली, आलं, हिच्या अंगात आलं. आन् सासरा, ज्यानं मला कवा नावानं हाक मारली न्हवती, त्यो हात जोडून म्हणला, आई, काय पायजे? मी म्हणले, ही बाळंतीण सव्वा म्हयना रानात जाणार न्हाय. न्हाय गेले. समदी व्हय म्हणली."

आत्यांनी पदरानं घाम पुसला आणि पुढं बोलल्या.

"तवाच मी म्हणायला पायजे हुतं की बाबांनो, मला राग आलाय, देव न्हाय आला. म्हणले न्हाय. सोयीचं पडलं. मंग दर अवसेला सोय करून घेतली. सासऱ्याला बोलायचं हुतं ते बोलले, नवऱ्याला बोलायचं हुतं ते बोलले. ही सून कारखान्यात कामाला जाईल, ते बी मीच बोलले, देवी न्हवं. देवीला काय पडलंय. म्हयनाभर गिळायचं आन् एका दिशी बोलायचं. माझं आयुष्य गेलं त्यात." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला त्ये नको हाय. ही तोंडावर म्हणतीया, मला राग आला. मला जमलं न्हाय त्ये हिला जमतंय, तर तुमी तिला देवी कशाला करताय? लिवा, साहेब. बाईच्या डोळ्यात रंग मारला आन् बाईला राग आला. लिवा."

गल्लीतले दोघं एकमेकांकडं बघत उठले आणि निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघर जाणार हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. आत्यांनाही कळत होतं. पन्नास वर्षांत जमवलेलं सगळं त्यांनी त्या टेबलावर ठेवून दिलं होतं, माझ्या दोन ओळींसाठी. आणि मी तीन दिवस त्यांच्याविषयी काय काय विचार करत होते! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पडले नाही. त्या दिवशी तरी त्यांच्या पाया पडणं बरोबर झालं नसतं. मी त्यांचा हात धरला.

हवालदारानं कागद ओढला. पोरगं आता हसत नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, बांगडीवालीचं नाव साक्षीला घातलं. ती पुढं येऊन तिच्या भाषेत सगळं सांगून गेलीही. सोऱ्या मारल्याचं मी स्वतःच लिहायला लावलं. "देवीनं न्हाय," म्हटलं, "मी मारला. त्यानं द्यायची तर द्यावी फिर्याद." त्यानं दिली नाही, उलट बाकीच्या दोघांची नावं सांगितली. पुढच्या रविवारी, चौकीत कबूल केल्याप्रमाणं, तिघंही त्या छत्रीसमोर उभे राहिले आणि जे केलं ते मोबाइलसमोर बोलले. ते चित्र किती लोकांनी बघितलं म्हणाल, तर देवीच्या मानानं काहीच नाही. त्या एका प्रकरणानं जग सुधारलं असं काही मी म्हणत नाही. पण कागदावर दोन ओळी आहेत, आणि त्यांची नक्कल माझ्या कपाटात आहे.

पुढच्या अवसेला आमच्या दारात एकही चप्पल नव्हती. काही बायका तर आता आत्यांना बघून तोंड फिरवतात. इतक्या वर्षांचे नारळ फुकट गेले म्हणतात. आत्या नाहून, केस विंचरून, वेणी घालून दारात बसल्या होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "आत्या, वाईट वाटतंय का?"

"वाटतंय की," त्या म्हणाल्या. "लोक पाया पडायचं, बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?"

मग आतल्या खोलीकडं वळून, चांगल्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "ये बाबा! वल्ला टावेल गादीवर टाकलायस, त्यो कोण उचलणार हाय?"

माझा नवरा धडपडत बाहेर आला. हात जोडले गेलेच होते त्याचे, सवयीनं. मग त्यानं आईकडं नीट बघितलं, हात सोडले आणि जाऊन टॉवेल उचलला.